चिकाचं झाड

ते झाड माझ्या घरी आलं ते एका जुन्या चादरीवर बसून. समोरच्या फ्लॅटमधल्या अक्कांच्या मुलाने कुंडीखाली चादर सरकवली होती आणि तो वाकून ती लॉबीतून ओढत होता. अक्का मागून येत होत्या. झाडाला न शिवता, दोन्ही हात पसरून, नुकत्याच उभ्या राहिलेल्या मुलामागे चालावं तशा. मी माझं दार उघडून बाजूला उभी होते. मदत करावी की नुसतं उभं राहावं हे मला कळेना, तेवढ्यात झाड आत आलंसुद्धा.

बाल्कनीत उभं केल्यावर ते माझ्यापेक्षा उंच निघालं. त्याला बुंधा आणि फांद्या असा फरक नव्हता. मधला एक खांब आणि त्याला चिकटून वर गेलेले बरेच हात, सगळे एकाच दिशेने, सरळ आकाशाकडे. प्रत्येक हाताला तीन धारा. धारेवर काट्यांच्या जोड्या आणि प्रत्येक जोडीच्या वर एक इवलंसं पान, खालपासून वरपर्यंत, शिंप्याने काज करावीत तसं ओळीत. गडद हिरव्या अंगावर फिकट रेघा होत्या, संगमरवरात असतात तशा. त्याच्या मागे रिंग रोडवर गाड्या थांबलेल्या होत्या, पलीकडे तळ्याचा तो ओळखीचा वास होता, आणि हे झाड या सगळ्याकडे पाठ करून उभं असल्यासारखं वाटत होतं.

बेळ्ळंदूरच्या त्या इमारतीत मी वर्षभराहून जास्त राहत होते आणि कुणालाच ओळखत नव्हते. ते मला बरंच होतं. अक्कांनी मला लिफ्टमध्ये आईशी फोनवर बोलताना ऐकलं होतं. मी फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "मराठी काय ग तू?" मी हो म्हटलं. "आम्हीपण मराठीच. पण आमची तुझ्याएवढी शुद्ध नाही. पिढ्या झाल्या ना इथं कानडी मुलखात येऊन." मग दोन-तीन दिवसांनी त्यांनी दारावरची घंटा वाजवली आणि झाडाचं विचारलं.

"नात रांगाय लागली," त्या म्हणाल्या. "दिसेल ते तोंडात घालते. आणि ही कळ्ळी म्हणजे नुसतं विष. सून म्हणाली, एक तर ही राहील नाही तर आम्ही. तिचं काय चुकलं? मीपण तेच म्हटलं असतं. तुझ्याकडं लेकरू नाही, मांजर नाही. ठेवशील? नात स्वल्प मोठी होईपर्यंत?"

मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी हो म्हटलं.

त्यांनी लगेच नियम सांगितले. हात लावायचा नाही. लागलाच तर साबणाने धुवायचा, आणि धुवेपर्यंत तो डोळ्याकडे न्यायचा नाही. पाणी त्या सांगतील तेव्हाच. "आणि मी रोज संध्याकाळी येऊन तिला बघून जाईन. सरी ना? चालेल ना?"

रोज, हे मला आधी कळलं असतं तर मी विचार केला असता.

पण त्या येऊ लागल्या आणि मला त्याचं ओझं वाटलं नाही. याचं कारण माझ्या फार उशिरा लक्षात आलं. अक्का माझ्याकडे बघत नसत. त्या झाडाकडे बघत. मीही झाडाकडे बघत असे. समोरासमोर बसून कुणी माझ्या तोंडाकडे बघत प्रश्न विचारले की माझी वाक्यं अर्धी इंग्रजीत जातात आणि अर्धी घशात राहतात. इथे दोघींच्या नजरा त्या हिरव्या खांबावर असत आणि बोलणं आपोआप चालू राही. त्यांच्या मराठीत मधूनच कानडी येई, माझ्या मराठीत इंग्रजी, आणि दोघींनाही त्याची लाज वाटेनाशी झाली.

शिवाजीनगरच्या, म्हणजे पुण्यातल्या नव्हे, इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारामागे त्यांचं घर होतं. खाली कापडाचं दुकान, वर राहायचं, त्यावर गच्ची. गच्चीत हे झाड. घर विकलं, दीर-जावा चार दिशांना गेले, सामान वाटलं गेलं. "मी काही मागितलं नाही," अक्का म्हणाल्या. "भांडी नको, कपाट नको. सुरीनं हिचा एक हात कापला आणि पेपरात गुंडाळून घेऊन आले."

"म्हणजे हे त्या झाडाचं पिल्लू?"

"पिल्लू कुठलं! बी पेरलं तर पिल्लू. हात कापून लावला तर तीच ना ती. माझ्या सासूनं कुठनं तरी हात आणला, तो लावला. त्याचा हात मी आणला. सासूची कळ्ळी तीच, माझी तीच."

त्या गेल्यावर मी बराच वेळ बाल्कनीत थांबले. मी समजत होते की समोर पाच-सात वर्षांचं झाड आहे. ते किती वर्षांचं होतं कोण जाणे. एकच अंग, हात तुटत तुटत, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर चालत आलेलं. ज्यांनी त्याला लावलं त्या गेल्या, ती गच्ची गेली, आणि हे माझ्या बाल्कनीत उभं होतं.

एकदा त्यांनी मला चीक दाखवला. नखाच्या टोकाने एक पान खुडलं, बस. त्याच क्षणी त्या जागी एक थेंब उभा राहिला. मी पांढरा रंग खूप ठिकाणी पाहिला आहे, पण इतका जिवंत पांढरा कधी नाही. थेंब फुगला, धारेवरून घसरला, थांबला. महिना महिना पाणी न मिळालेलं ते झाड बाहेरून सुकं, कडक, धुळीने भरलेलं होतं. आणि आत, कातडीच्या लगेच खाली, हे इतकं भरून ठेवलेलं. जणू ते कायम कुणीतरी खुडण्याची वाट बघत होतं.

"माझ्या दिराच्या डोळ्यात गेला होता लहानपणी," अक्का म्हणाल्या. "किती दिवस अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवलं होतं त्याला. आंधळाच होतो की काय म्हणून सासू रडत होती. डोळा वाचला. सगळे म्हणाले, उपटून फेका. सासू म्हणाली, तिच्या घरी जाऊन तिला मारलं तर ती काय करणार?"

थोड्या वेळाने पाहिलं तर तो थेंब वाळून एक छोटी पांढरी खपली झाला होता. म्हणजे जो चीक दुसऱ्याला जाळतो, तोच त्याची जखम बंद करतो. मी ऑफिसच्या कामात असतानासुद्धा मधूनच उठून ती खपली बघून येई.

जुलैत आई आली. पुण्याहून गाडीने येऊन के. आर. पुरम स्टेशनवर उतरली. मी घ्यायला गेले होते. बॅगा माझ्याकडे देताना तिने एक स्टीलचा डबा मात्र स्वतःच्या हातात ठेवला. त्यात बाळकृष्ण. आई कुठेही चार दिवसांवर राहायला गेली की बाळकृष्ण सोबत असतो, त्याचं ताम्हण, पळी, गंधाची वाटी, सगळं. माझ्या स्वयंपाकघरातला एक कप्पा रिकामा करून तिने त्याला तिथे बसवलं.

झाड बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काटेरी आणि वर चिकाचं! असलं घरात ठेवतात का?"

"माझं नाहीये. समोरच्या अक्कांचं आहे. सांभाळतेय."

"लोकांना काय, द्यायला हेच सापडतं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात अक्का हुबळीला लेकीकडे गेल्या. जाताना मला बजावलं, "पावसात एक थेंब नाही. ती हवेतनंच पिते." मी मान डोलावली. पाणी घालणारी मीच होते, त्यामुळे आईला हे सांगायची गरज मला वाटली नाही.

आई महिनाभर राहिली आणि तो सगळा महिना आभाळ भरलेलं होतं. सकाळी मी कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये असे, आई पूजा करत असे. एक दिवस मला कुंडीच्या बाहेरच्या बाजूला कुंकवाचं बोट उठलेलं दिसलं. मला ते छानच वाटलं. आईला झाड आवडायला लागलं असं समजून मी पुन्हा स्क्रीनकडे वळले.

अक्का परतल्या त्या संध्याकाळी सरळ बॅग दारात ठेवून माझ्याकडे आल्या. बाल्कनीच्या उंबरठ्यावरच थांबल्या. मी रोज बघत होते म्हणून मला दिसलं नव्हतं. त्यांना लगेच दिसलं. झाड एका बाजूला कललं होतं, अगदी थोडं, कुणाचं तरी बोलणं नीट ऐकू यावं म्हणून माणूस कलतो तेवढं. त्यांनी पदर बोटाला गुंडाळला आणि मातीजवळ दाबून पाहिलं. बोट आत गेलं. पिकलेल्या चिकूत जावं तसं.

"अय्यो," त्या हळूच म्हणाल्या. "पाणी कुणी घातलं?"

"कुणीच नाही, अक्का. मी तर एकदाही..."

आई ओले हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "मी घालते की रोज. देवाचं पाणी. का? काय झालं?"

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अक्कांकडे.

"आता अभिषेकाचं पाणी मोरीत ओतू का?" ती म्हणाली. "घरी तुळस आहे. इथं एवढी एकच कुंडी. आणि मला वाटलं, विषारी आहे बिचारं, रोज देवाचं पाणी मिळालं तर जरा शांत होईल." तिचा आवाज बारीक झाला. "देवाच्या पाण्यानं कुजलं?"

मला वाटलं, आता अक्का बोलतील ते मला ऐकवणार नाही. त्या झाडाकडेच बघत होत्या.

"देवाचं पाणी वाईट कसं असेल, ताई," त्या म्हणाल्या. "तिला तहानच नव्हती."

मग त्यांनी सांगितलं की वरचं अंग अजून घट्ट आहे, कुज वर चढायच्या आत कापलं तर काहीतरी वाचेल. आणि त्यांचा हात आता थरथरतो, तेव्हा कापायचं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तयार झालो. इमारतीतल्या तलावासाठी म्हणून मी कधीतरी पोहायचा चष्मा घेतला होता आणि लोक असतात म्हणून तलावाकडे फिरकलेच नव्हते. तो आता कामाला आला. हातात रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. अक्कांनी त्यांची सुरी आणली होती, फडक्यात गुंडाळलेली, फक्त याच कामाची. आईला मी आत बसायला सांगितलं.

"मी काय आत बसू? माझ्यामुळे झालं आणि मी आत बसू?" ती म्हणाली आणि माझं स्कूटरचं हेल्मेट घालून, काच खाली करून आली. हातात इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची बाटली.

अक्कांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. "युद्धाला निघाल्यात बघ मायलेकी."

अक्कांनी जाड टॉवेल गुंडाळून झाड धरलं. मी मातीच्या वर वीतभर अंतरावर सुरी लावली. मला वाटलं होतं जोर लागेल. लागला नाही. सुरी आत गेली आणि चीक आला. थेंब थेंब नाही, सगळीकडून, काठाकाठाने, एकदम. तो धारांवरून वाहत खाली आला, कुंडीवरच्या कुंकवावरून ओघळला, फरशीवर पांढरं तळं झालं. त्याला जवळजवळ काहीच वास नव्हता. इतक्या शांतपणे वाहणारी इतकी भयंकर गोष्ट मी कधी पाहिली नव्हती. माझे हात थांबले.

"थांबू नको, पुट्टी," अक्का म्हणाल्या, लहान पोरीला कानडीत म्हणतात तसं. "मधे काय दिसतं?"

कापलेल्या तोंडाच्या मधोमध तपकिरी डाग होता, बशीएवढा.

"अजून वर."

मी वर कापलं. तीन कोपऱ्यांची चकती खाली पडली. डाग आता लिंबाएवढा. "अजून वर." पुन्हा चकती, पुन्हा डाग. प्रत्येक चकतीबरोबर झाड बुटकं होत होतं. आधी माझ्या खांद्याएवढं, मग कमरेएवढं. बाजूचे हात सुटे करून ठेवावे लागले, त्यातलेही बहुतेक मुळाशी तपकिरी निघाले. अक्कांचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त टॉवेल धरलेली बोटं दिसत होती आणि ती दर वेळी थोडी वर सरकत होती.

एका कापाच्या वेळी सुरी अडकली आणि सुटली. माझ्या डोळ्यासमोर टक् असा आवाज झाला. पोहायच्या चष्म्याच्या काचेवर एक थेंब येऊन बसला होता. डोळ्यापासून बोटभर अंतरावर, इतका जवळ की त्याच्या पलीकडचं काहीच दिसेना. सगळं जग पांढरं. तो काचेवरून सावकाश खाली घसरत होता आणि मी श्वास रोखून त्याच्याकडे बघत होते. मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण मला जे आठवतं ते हे, की ज्याला पळता येत नाही, ओरडता येत नाही, त्याने शेवटच्या घटकेलाही माझा डोळा बरोबर शोधला होता.

"मटाराएवढा राहिला," अक्का म्हणाल्या. "अजून एकदा."

त्या कापानंतर मधोमध काहीच नव्हतं. नुसता स्वच्छ, ओला, फिकट हिरवा गाभा.

"पाणी मारा, ताई! आता मारा!"

आई हेल्मेटच्या आतून म्हणाली, "आता? आता पाणी?"

"आता हो! चीक थांबतो."

आईने बाटलीतून फवारा मारला आणि चीक खरंच थांबला. ती तशीच मारत राहिली, "थांबला का? थांबला का?" म्हणत, शेवटी अक्कांना म्हणावं लागलं, "साकू, साकू! पुरे झालं, ताई!" आणि त्या इतक्या हसल्या की टॉवेलमधलं झाड हलायला लागलं. आईपण हसली. मग हेल्मेट काढून डोळे पुसायला लागली, तर अक्का आणि मी एकदम तिच्यावर ओरडलो, "हात धुवून!"

माझ्यापेक्षा उंच झाडाचे तीन तुकडे उरले. शेंडा, माझ्या हाताएवढा लांब, आणि दोन बाजूचे हात, त्यातला एक करंगळीहून थोडा जाड. बाकी सगळं दुहेरी पिशव्यांत बांधून, त्यावर 'विषारी' असं मोठ्या अक्षरात लिहून खाली दिलं. तुकडे बाल्कनीत पाऊस न पोचणाऱ्या कोपऱ्यात वर्तमानपत्रावर आडवे ठेवले. माती नाही, पाणी नाही. जखम पूर्ण वाळेपर्यंत तसंच.

आईची परतीची गाडी होती त्या दिवशी अक्कांनी तो सगळ्यात बारका तुकडा पेपरात गुंडाळून तिच्यापुढे धरला.

"मला?" आई मागे सरकली. "मीच मारलं आणि मलाच देताय?"

"एकीकडं सगळं ठेवू नये. गच्चीतली गेली तेव्हा माझ्या हातात एक होती म्हणून राहिली." आणि मग म्हणाल्या, "आता तुमच्याएवढं कुणी जपणार नाही तिला."

आईने ते पुडकं दोन बोटांनी घेतलं आणि बाळकृष्णाच्या डब्यापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब, चपलांच्या पिशवीत ठेवलं. मला वाटलं, पुणं यायच्या आतच ते खिडकीतून जाणार.

तुकडे वाळत होते तेव्हा एका शनिवारी अक्का आणि मी शिवाजीनगरला जाऊन मातीची कुंडी आणली. आधीच्या चिनी मातीच्या गुळगुळीत कुंडीत पाणी साचून राहतं, असं त्यांचं म्हणणं. कुंडीवाल्याशी त्यांनी कानडीत घासाघीस केली, कुंडी टिचकी मारून वाजवून घेतली. परत येताना एका गल्लीच्या तोंडाशी त्यांनी नुसती मान वळवली. तिथे काचेची, मोबाइल फोनची दुकानं असलेली इमारत होती. "इथं," त्या म्हणाल्या, आणि चालतच राहिल्या. मी वर बघितलं. त्या इमारतीच्या गच्चीवर फक्त पाण्याच्या टाक्या होत्या.

जाड वाळू आणि विटेचा चुरा घालून आम्ही शेंडा नव्या कुंडीत लावला, हात दुसऱ्या लहान कुंडीत. मुळं धरेपर्यंत पाणी नाही. ओढूनसुद्धा बघायचं नाही. "विचारत बसायचं नाही तिला," अक्का म्हणत. त्या रोज येत, कुंडीपुढे बसत, काही न विचारता बघत.

पण त्या वर्षी पाऊस गणपतीनंतरही थांबला नाही. वाळू ओली केली नव्हती तरी हवाच ओली होती. आधी लहान हात सुरकुतला, मग काडीसारखा झाला. शेंडा मात्र हिरवा होता. एक दिवस त्याची पानं गळलेली दिसली. दोन दिवसांनी तो स्वतःहूनच आडवा झाला. उचलला तर खालचं तोंड काळं, मऊ. डोळ्याला न दिसणारं काहीतरी त्या स्वच्छ गाभ्यात आधीच शिरलेलं होतं.

अक्कांनी तो हातात घेतला, मोजे न घालता. चीक आलाच नाही. "सरी," त्या म्हणाल्या. बस एवढंच. त्याला पेपरवर ठेवलं, माझ्या बेसिनमध्ये हात धुतले, आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यानंतरही नाही. येणार तरी कशाला? त्या माझ्याकडे कधी आल्याच नव्हत्या, झाडाकडे येत होत्या, आणि झाड नव्हतं. संध्याकाळी लॉबीत त्यांच्या दाराची कडी वाजली की माझे हात कीबोर्डवर थांबत. कधी लिफ्टमध्ये भेट झाली की त्या हसत, मी हसे, आमच्यामध्ये बघायला काही नसे, म्हणून दोघी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत असू. मी त्यांची घंटा कधीच वाजवली नव्हती. जाऊन काय बोलणार? रिकाम्या कुंड्या बाल्कनीत तशाच होत्या. त्यांच्याकडे बघितलं की वाटे, इतक्या गच्च्या ओलांडून आलेली ती कळ्ळी माझ्या घरी येऊन संपली.

थंडीत आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अगं, आणि ते चिकाचं झाड. त्याला काहीतरी झालंय बघ. फोटो पाठवलाय."

ते अजून तिच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. झाड मेल्याचं मी तिला सांगितलं होतं तेव्हा ती नुसतं "अरेरे" म्हणाली होती. आता कळलं की पुण्याला गेल्यावर तिने ते पुडकं हात लावायच्या भीतीने तसंच कपाटावर ठेवून दिलं होतं, आठवडेच्या आठवडे. दसऱ्याची साफसफाई करताना सापडलं. फेकावं तर अक्कांनी विश्वासाने दिलेलं. मग चिमट्याने धरून एका फुटक्या कुंडीत, विटांच्या तुकड्यांत खोचलं आणि गॅलरीच्या आतल्या बाजूला ठेवलं. "आणि एक थेंब पाणी घातलं नाही हं," ती म्हणाली. "देवाशपथ. तिकडे जाताना तांब्यासुद्धा हातात घेत नाही."

मी फोटो उघडला. करंगळीहून थोडा जाड तो तुकडा, बराच आकसलेला, धारा आत ओढलेल्या. आणि अगदी टोकाला, तिन्ही धारांवर, पानं. इतकी छोटी की आधी मला ती धूळ वाटली. मी फोटो मोठा केला. ताजी, पोपटी, काट्यांच्या जोडीवर बसलेली, काज केल्यासारखी ओळीत.

काळोखात, कपाटावर, जुन्या बातम्यांत गुंडाळलेलं. मुळं नाहीत, माती नाही, पाणी नाही, ऊन नाही. त्याच्याकडे फक्त तो आतला चीक होता, आणि तेवढ्यावर ते थांबून राहिलं होतं. आणि ते पिल्लू नव्हतं. अक्कांच्या सासूने जे लावलं होतं ते हेच. जे माझ्या चष्म्यावर उडालं होतं ते हेच. मी समजत होते ते संपलं, आणि ते मधल्या काळात शांतपणे पुण्याला जाऊन बसलं होतं.

मी चप्पल न घालताच लॉबीत आले. चार पावलांची लॉबी. काय बोलायचं ते मनात जुळवलं, मराठीत, नीट, आणि घंटा वाजवली.

अक्कांनीच दार उघडलं. कडेवर नात. मला बघून त्या इतक्या चकित झाल्या की माझं जुळवलेलं वाक्य गेलंच. मी नुसता फोन पुढे केला.

त्यांनी नातीला खाली सोडलं. डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. फोन जवळ नेला, लांब नेला.

"कुठं?" त्या म्हणाल्या.

"आईकडे."

"पाणी?"

"एक थेंब नाही."

त्या दारातल्याच खुर्चीवर बसल्या. "लाव तिला फोन. असा नाही, बघायचा लाव."

आई पडद्यावर आली, आधी तिचं कपाळ, मग गॅलरीचं छत, मग कुंडी. अक्का पडद्याला नाक लावून म्हणाल्या, "ताई, तिला जरा बाजूनं ढकला. हळू. मुळं धरली का बघायचंय."

"हातानं?" आई घाबरली. मग आत जाऊन लाटणं घेऊन आली. लाटण्याचं टोक त्या तुकड्याला टेकवलं आणि हळूच ढकललं. तुकडा हलला नाही. आईने आणखी जोर दिला, तेव्हा सगळी कुंडीच फरशीवर खर्रकन सरकली.

"धरलंय," अक्का म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता; केव्हा आला ते मला कळलंच नव्हतं. "धरलंय ग पुट्टी. ताई, आता पाणी घाला. स्वल्प."

"घालू?" पलीकडून आई म्हणाली. मग तिने विचारलं, "साधं घालू की देवाचं?"

अक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"देवाचंच घाला," त्या म्हणाल्या. "पण पळीनं."

पडद्यावर थोडा वेळ नुसतीच कुंडी दिसत राहिली. मग आईचा हात आला, त्यात तांब्याची पळी, काठोकाठ भरलेली, सांडू नये म्हणून अगदी सावकाश. पाणी विटांच्या तुकड्यांवर पडलं, क्षणभर चमकलं, आणि आम्ही बघत असतानाच आत गेलं.